मेसेज उडाला, बॅन बसला? निदान या चुका तरी टाळा

गेली सहा वर्षं मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका मोठ्या गेमिंग सर्व्हरवर (म्हणजे गटावर) मॉड आहे, म्हणजे गप्पांवर लक्ष ठेवणारी आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा देणारी. एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: खेळाडूचं खरं नुकसान शिक्षेने होत नाही, शिक्षेनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत तो जे करतो त्याने होतं. शिक्षा कधीकधी चुकीचीही असते. पण त्या दहा मिनिटांनंतर ती चूक दाखवायला कुणी उरत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दुसरं खातं काढून परत येणं.

आमच्याकडे एक खेळाडू होता. रेड, म्हणजे गेममधली अनेकांनी मिळून खेळायची मोहीम, चालवायचा, नवख्यांना न चिडता शिकवायचा. त्या रेडमध्ये एक शिट्टी वाजते आणि दार बंद व्हायच्या आत सगळ्यांना डावीकडे जावं लागतं. एका रात्री त्याने चॅटमध्ये रोमन लिपीत लिहिलं, ‘शिट्टी झाली की डावीकडे पळा’. बॉटने, म्हणजे मेसेज आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, मेसेज उडवला, कारण रोमनमध्ये ‘शिट्टी’ची पहिली चार अक्षरं म्हणजे इंग्रजी शिवी. त्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा बॉटने थेट चोवीस तासांचा टाइमआउट दिला, म्हणजे तेवढा वेळ लिहिणं-बोलणं बंद. रेड ऐन भरात, बाकीचे खोळंबलेले.

इथपर्यंत चूक शंभर टक्के आमची होती. अपिलाच्या फॉर्ममध्ये दोन ओळी लिहिल्या असत्या तर सकाळी मी टाइमआउट काढून माफी मागितली असती. त्याने दहा मिनिटांत नवं खातं काढलं आणि सगळ्यांसमोर मॉडना शिव्या घातल्या. ते बॅन झाल्यावर तिसरं खातं काढलं. त्यावरून आमच्यातल्या एका मुलाला खासगीत अकरा मेसेज पाठवले. त्या मुलाचा बॉटशी काही संबंध नव्हता, तो फक्त त्या वेळी ऑनलाइन होता. सकाळी मी लॉग उघडला, ‘शिट्टी’ दिसली आणि पोटात कालवलं. पण त्या अकरा मेसेजेसनंतर सहकाऱ्यांना ‘याला परत घेऊ’ म्हणायला माझं तोंड उघडेना. चोवीस तासांचं प्रकरण कायमच्या बॅनवर गेलं.

दुसऱ्या खात्याने कुणी फसत नाही, बरं का. तीच बोलायची ढब, तेच मित्र, तीच ऑनलाइन यायची वेळ. आणि ‘नियम चुकवून आला’ हा नवा गुन्हा मूळ गुन्ह्यापेक्षा मोठा धरला जातो, मग मूळ गुन्हा घडलेला असो वा नसो.

माझी स्वतःची सवय सांगते, कारण दुसऱ्या सर्व्हरवर मलाही शिक्षा झाली आहे. मी अपील फोनच्या नोट्समध्ये लिहिते आणि रात्रभर तसंच ठेवते. सकाळी त्यातलं दुसऱ्याबद्दलचं प्रत्येक वाक्य खोडते. उरतात त्या चार ओळी: केव्हा, कुठल्या चॅनेलमध्ये, मी नेमकं काय लिहिलं, मला काय हवंय. मॉड एका बैठकीत वीस-वीस अपिलं वाचतो. चार ओळींचं अपील पूर्ण वाचलं जातं.

दुसऱ्याची तक्रार करताना कापलेला स्क्रीनशॉट पाठवू नका. वरचे पाच मेसेज कापलेले दिसले की पहिला संशय तुमच्यावरच येतो. मेसेजची लिंक कॉपी करा, आणि समोरचा मेसेज पुसेल अशी भीती असेल तर आधी अख्ख्या स्क्रीनचा फोटो घ्या.

सगळ्या मॉडना एकाच वेळी खासगी मेसेज टाकू नका.

दहा मित्रांकडून एकाच माणसाला रिपोर्ट करवू नका. एकसारख्या शब्दांतले दहा रिपोर्ट लगेच ओळखू येतात.

दारही नीट ओळखा. गेमच्या कंपनीने घातलेली बंदी आम्ही उठवू शकत नाही, आमच्यापुढे कितीही रडलात तरी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरची व्हॅक बंदी, म्हणजे खेळात चीटिंग केल्याबद्दलची बंदी, तर कायमचीच असते, आणि ती स्टीमच्या सपोर्टलाही उठवता येत नाही.

आता नव्या मॉडसाठी, कारण त्या रात्रीची सुरुवात आमच्याकडून झाली होती. पहिल्याच दिवशी कुठून तरी शिव्यांची तयार यादी उचलून बॉटमध्ये ओतणं, हा आळस आहे. ही चूक जुनी आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द दडला होता. इतक्या वर्षांनी आपण रोमन मराठीवर तेच करतो. डिस्कॉर्डच्या ऑटोमॉडमध्ये, म्हणजे मेसेज आपोआप गाळणाऱ्या सोयीत, नुसता शब्द टाकला तर तो पूर्ण शब्दच पकडतो; पुढेमागे तारांकन (*) लावलं की तो दुसऱ्या शब्दांच्या पोटातही शिरतो. आमच्या यादीत प्रत्येक शब्दाला दोन्हीकडे तारांकन होतं. ते कुणी लावलं होतं, हे कुणालाच आठवत नव्हतं.

नवा शब्द घातला की आता मी पहिला आठवडा मेसेज उडवू देत नाही. बॉट फक्त मॉडच्या चॅनेलमध्ये सूचना देतो आणि ती मी रोज रात्री वाचते. टाइमआउट बॉटच्या हातात अजिबात ठेवलेला नाही, तो माणूसच देतो. डिस्कॉर्डवर तो २८ दिवसांपर्यंत देता येतो. एवढी सत्ता शब्दांच्या यादीकडे द्यायला मी तयार नाही.

‘शिट्टी’ आता परवानगीच्या यादीत सगळ्यात वर आहे. त्या खेळाडूने आठ महिन्यांनी अपील केलं, पाच ओळींचं. पहिली ओळ त्या मुलाची माफी मागणारी होती. ते अपील मी आधी त्या मुलाला दाखवलं, आणि त्याने हो म्हटल्यावरच बॅन काढला.