पॅनेल आकडेवारीतून कौटुंबिक उत्पन्न आणि टिकाऊ वस्तूंचा अभ्यास कसा करावा

उत्पन्न वाढल्यावर घरात फ्रीज किंवा दुचाकी येते का, हे एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कळत नाही. गोव्यात घरातील फ्रीज बोटीवर किंवा आखाती देशात नोकरीला असलेल्या मुलाने पूर्वीच घेतलेला असू शकतो, आणि आजचे उत्पन्न मात्र केवळ निवृत्तिवेतनाचे असू शकते. म्हणून तीच कुटुंबे पुन्हा पुन्हा गाठणारी पॅनेल आकडेवारी घ्यावी. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या 2004-05 आणि 2011-12 या फेऱ्यांची आकडेवारी उपलब्ध आहे. सीएमआयई (सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी) या खासगी संस्थेची कौटुंबिक पाहणी 2014 पासून दर चार महिन्यांनी होते.

प्रथम कुटुंब क्रमांकावरून फेऱ्या जोडाव्यात आणि वाटणी होऊन वेगळ्या चुली झालेल्या घरांची स्वतंत्र नोंद ठेवावी. उत्पन्न महागाई निर्देशांकाने एकाच वर्षाच्या किमतींत आणावे. पर्यटनाच्या हंगामावर चालणाऱ्या घरांसाठी बारा महिन्यांची बेरीज घेणेच योग्य, अन्यथा पावसाळ्यातील मंदी गरिबी म्हणून मोजली जाईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वस्तू एकदा आली की वर्षानुवर्षे घरात राहते, म्हणून मालकीऐवजी खरेदीचा क्षण अभ्यासावा: मागील फेरीत वस्तू नव्हती अशीच घरे निवडून, मागील फेरीतील उत्पन्नाचा पुढील खरेदीशी संबंध तपासावा. घराची सवय, शिक्षण, जमीनजुमला यांसारख्या फारशा न बदलणाऱ्या गोष्टींचा प्रभाव वगळण्यासाठी प्रत्येक कुटुंबाची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वस्थितीशी करणारे स्थिर परिणाम प्रारूप वापरावे. मात्र या पद्धतीच्या लॉजिट प्रारूपात, म्हणजे वस्तू आहे की नाही अशा दोनच उत्तरांसाठीच्या प्रारूपात, मालकी कधीच न बदललेली घरे गणनेतून आपोआप गळतात, हे निष्कर्ष लिहिताना स्पष्ट नोंदवावे.

उत्पन्नाला बाहेरून बसलेला धक्का सापडला तर अभ्यास अधिक विश्वासार्ह होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये गोव्यातील लोहखनिज उत्खनन थांबले, तो असाच प्रसंग आहे. परंतु खाणपट्ट्यातील डिचोली आणि सत्तरी हे तालुके त्या वेळी उत्तर गोवा जिल्ह्यात, तर सांगे आणि धारबांदोडा दक्षिण गोवा जिल्ह्यात असल्यामुळे जिल्ह्यांची तुलना येथे फसते. बंदीपूर्वीच्या व्यवसायाच्या नोंदीवरूनच गट पाडावेत. खनिज वाहून नेणारा ट्रक असलेल्या घरात ट्रक हे उत्पन्नाचे साधन आहे, म्हणून तो टिकाऊ वस्तूंच्या यादीत धरू नये.

शेवटी, पुढच्या फेरीत न सापडलेली घरे आरंभी इतरांपेक्षा वेगळी होती का, हे पहिल्या फेरीच्या आकड्यांवरून पडताळावे. तसा फरक आढळल्यास भारांकात, म्हणजे गणनेत प्रत्येक घराला दिलेल्या वजनात, दुरुस्ती करून सर्व गणना पुन्हा करावी.