खान्देशच्या उन्हाळ्यात प्रोटीन शुद्ध करताय? या चुका टाळा

प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिणाऱ्याच्या डोक्यात साधारण 25 अंश असतात. जळगावात मे महिन्याच्या दुपारी आमच्या लॅबमधला पारा 40 वर असतो, आणि दरवर्षी नवी बॅच इथेच फसते.

सर्वांत जास्त नुकसान ट्रिस बफर (पीएच धरून ठेवायला वापरतात ते द्रावण) करतो. त्याचा पीएच दर अंशाला साधारण 0.028 सरकतो, थंड केला की चढतो. एमएस्सीच्या एका मुलीने भर दुपारी, 40 अंशांवर पीएच 8 लावला आणि बाटली 4 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवली. छत्तीस अंशांचा फरक, म्हणजे बफर झाला 9. तिच्या एन्झाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट होता 9.1. त्या बफरमध्ये रात्रभर डायलिसिस, म्हणजे प्रोटीन बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बुडवून ठेवणं. सकाळी तिची हाक आली, "सर, हे दखा ना." पिशवीत ताकासारखा पांढरा गाळ. त्या पॉइंटला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो, रेणू एकमेकांना ढकलत नाहीत, त्यात मीठही कमी. प्रोटीन खाली बसलं. तीन आठवड्यांची मेहनत होती. आठवडाभर ती क्लोनला, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या जिवाणूंना, दोष देत राहिली. शेवटी मी फ्रिजमधली बाटली काढून तशीच थंड मोजली, तेव्हा उलगडा झाला. मीटरमधली तापमान-भरपाई इलेक्ट्रोडपुरती असते, बफरचा पीएच ती जागेवर धरत नाही.

मी ट्रिस रात्री फ्रिजमध्ये ठेवतो, सकाळी थंड असतानाच पीएच लावतो आणि लेबलवर तापमान लिहितो. तेवढा धीर नसेल तर सरळ फॉस्फेट घ्या, तो याच्या दहाव्या हिश्शाने सरकतो.

दुसरी चूक शेकरची, म्हणजे जिवाणू हलवत वाढवायच्या यंत्राची. 37 अंशांवर भरपूर आयपीटीजी (जिवाणूंना प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) टाकून तीन तासांत प्रोटीन मिळवायची घाई केली, की बरंचसं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, अडकतं. मी 0.2 मिलिमोलर टाकून 18 अंशांवर रात्रभर ठेवतो. पण कूलिंग नसलेला शेकर खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. आकडा 18 लावलात तरी आत पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून बघा.

प्रोटीन खाली बसवायचं मीठ, अमोनियम सल्फेट, एकदम ओतू नका. चिमटीचिमटीने, फेस न आणता.

प्रोटीन पकडणाऱ्या निकेल कॉलमला ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) लागू देऊ नका. निळे मणी पांढरे पडले की निकेल गेलं.

गोठवायच्या आधी प्रोटीनचे छोटे भाग करा. वीज गेली की फ्रीजर उघडू नका.

अल्फाफोल्ड या प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या एआयच्या मॉडेलमध्ये नारिंगी दिसणारा भाग 100 पैकी 50 पेक्षा कमी विश्वासाचा असतो. तिथला आकार खरा मानून म्युटेशन ठरवणारे दोघे यंदाही भेटले. दोघांना प्रायमर (म्युटेशनसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्याआधी थांबवलं.