माझ्या हातचा पहिला मॅश

तबेल्यात कामाला लागले त्या पहिल्याच डिसेंबरात मला घोड्यांची फार दया आली. पुण्याची थंडी ती केवढी, पण पहाटे नाकपुड्यांतून वाफा निघताना पाहिल्या आणि वाटलं, यांना काहीतरी गरम खाऊ घालू. अर्धी बादली गव्हाचा कोंडा, मोठा खडा गूळ, वर गरम पाणी. असं गरम पाण्यात कालवलेलं खाणं म्हणजे मॅश. ज्या घोडीपुढे बादली ठेवली तिने कोंडा कधी चाखलाही नव्हता. दुपारी ती वळून वळून कुशीकडे बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. कॉलिक, म्हणजे पोटशूळ. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. संध्याकाळी लीद पडली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

घोड्यांची निगा राखणारे आमचे सईसचाचा एवढंच म्हणाले, "गरम दे, नवं नको देऊ." घोड्याला उलटी करता येत नाही, आणि त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. त्यामुळे आता मी मॅश करते तो रोजच्याच चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा. तेच ओट, तेवढंच माप, फक्त भरपूर गरम पाणी आणि चिमूटभर मीठ. खरा फायदा त्या पाण्याचाच, कारण थंडीत घोडे पाणी कमी पितात. कोंडा आधीपासून चंदीत असेल तरच, तोही मूठभर. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी. रोज ढीगभर घातला तर हाडं कमकुवत होतात.

मॅशमध्ये घालायच्या जवसाला मात्र मी अजूनही घाबरते. कच्चं जवस कोमट पाण्यात भिजत ठेवलं की त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून जवस थेट उकळत्या पाण्यात टाकायचं, झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळू द्यायचं, मग मंद आचेवर बुळबुळीत होईपर्यंत शिजवायचं. एका घोड्याला कोरडं 50 ग्रॅम पुरे.

वरून कोमट लागलेली बादली मधोमध पोळण्याइतकी गरम असते. तळापासून ढवळा, मग मनगट आत घाला. गाजराचे उभे काप करा. गोल चकती घशात अडकू शकते. गूळ चवीपुरता, आणि लठ्ठ किंवा खुरांचा त्रास झालेल्या घोड्याला अजिबात नाही. बुरशीचा वास आलेला दाणा शिजवला तरी विषारीच राहतो. तासाभरात संपलं नाही तर फेकून बादली घासा, आंबायला वेळ लागत नाही.

रेसच्या तबेल्यात जाणार असाल तर आणखी एक. तिथे लाडाने चहात बुडवलेलं बिस्कीटसुद्धा भरवू नका. चहातलं कॅफीन, चॉकलेटमधलं थिओब्रोमीन, खसखशीतला मॉर्फिनचा अंश, हे सगळं तपासणीत सापडतं आणि जिंकलेली शर्यत जाते. चाचा चहाचा कपसुद्धा घोड्यापासून चार हात लांब उभे राहून पितात.