क्रूझवर पहिली पंगत की दुसरी? जेवणाची वेळ निवडताना या चुका टाळा

क्रूझचं बुकिंग करताना केबिन कितव्या मजल्यावर, खिडकी पुरेल की बाल्कनी हवी, यावर आठवडाभर खल होतो. मग फॉर्मच्या तळाशी एक छोटा चौकोन येतो: जेवणाची वेळ, अर्ली की लेट? तिथे कुणी दहा सेकंदही थांबत नाही. 'आपण लवकरच जेवतो' म्हणायचं, टिक करायची आणि मोकळं व्हायचं. पुढच्या सगळ्या संध्याकाळी त्या एका टिकेला बांधल्या गेल्यात, हे कळेपर्यंत आपण जहाजावर चढलेलो असतो.

मोठ्या जहाजाच्या मेन डायनिंग रूममध्ये सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती बसतात. पहिली, म्हणजे अर्ली, साधारण साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान, दुसरी, म्हणजे लेट, आठ ते साडेआठला. जुन्या पद्धतीत टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला आणि शेजारीही ठरलेले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली 'फ्रीस्टाइल' आणून ठरलेली वेळ काढून टाकली. पुढे रॉयल कॅरिबियनचं 'माय टाइम', कार्निव्हलचं 'युअर टाइम' असे हवं तेव्हा जेवायला येण्याचे पर्याय आले. डिस्नीची तऱ्हा आणखी वेगळी: पंगती दोनच, पण रोज रेस्टॉरंट बदलतं आणि तुमचे वेटर तुमच्याबरोबर फिरतात. म्हणजे आपल्या जहाजावर नक्की काय पद्धत आहे, हे आधी बघायचं.

चूक पहिली: घरच्या जेवणाच्या वेळेवरून ठरवणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आम्हीही फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या क्रूझला आम्ही सहाची पंगत घेतली. इटलीतल्या नेपल्स बंदराच्या दिवशी पॉम्पेईचे प्राचीन अवशेष बघायला गेलो. उन्हात तीन तास दगडी रस्ते तुडवले, परतीची बस वाहतुकीत अडकली आणि बंदरावर पोचलो तेव्हा पाच वीस झाले होते. जहाजात शिरताना बॅगा स्कॅन करायची रांग, लिफ्टची रांग, आणि केबिनमध्ये चौघांत एक बाथरूम. सहा बारा झाले तरी बायको ओल्या केसांना क्लिप लावत होती आणि धाकटा एकच बूट घालून दुसरा पलंगाखाली शोधत होता. डायनिंग रूममध्ये पोचलो तेव्हा टेबलावरच्या बाकीच्यांचं सूप संपलेलं. वेटर बिचारा हसतमुखाने म्हणाला, "काही हरकत नाही." पण त्याचा एक डोळा घड्याळावर होता, कारण आठला त्याच टेबलावर दुसरी माणसं बसणार होती.

घरी आपण सातला जेवत असू, तरी घरी जेवणाआधी पॉम्पेई नसतं. त्या आठवड्यात संध्याकाळचे पाच ते सात कसे जाणार, ते आधी पाहा. त्यासाठी कागद-पेन घेऊन बसा. प्रत्येक बंदरासमोर जहाज सुटायची वेळ लिहा. सगळ्यांनी परत येण्याची वेळ साधारण त्याच्या अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी तासभर आधीची. मग त्या दिवशी काय बघायचंय ते लिहा. इटलीत चिविताव्हेकिया बंदराहून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, लिव्होर्नो बंदराहून फ्लॉरेन्स नव्वदच्या आसपास. असा दिवस नऊ-दहा तासांचा होतो आणि परत येताना अंगात त्राण उरत नाही. भूमध्य समुद्रातल्या फेऱ्यांमध्ये असे दिवस एकामागून एक येतात. तिथे मी डोळे झाकून दुसरी पंगत घेतो.

कॅरिबियनमध्ये गणित उलटं. दिवस बहुधा समुद्रकिनाऱ्यावर जातो, लोक तीन-चारलाच जहाजावर परततात, आंघोळ करून साडेपाचला भुकेने कासावीस होतात. तिथे साडेआठपर्यंत थांबायचं तर मधे बुफेत 'जरासं काहीतरी' खाणं आलंच, आणि मग मुख्य जेवणावर वासना राहत नाही.

जहाज दिवसभर समुद्रातच असेल तर कुठलीही वेळ चालते. त्या दिवसांचा विचार करत बसू नका.

चूक दुसरी: सूर्य विसरणं

डायनिंग रूम बहुतेक जहाजांवर खालच्या मजल्यांवर असते. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर नशीब, नाहीतर भिंत. त्यामुळे जेवायच्या वेळात सूर्यास्त होणार असेल तर तो हुकला म्हणून समजा.

जूनअखेरीस बार्सिलोनात सूर्य मावळतो जवळपास साडेनऊला. पहिल्या पंगतीतला माणूस जेवून पावणेआठला डेकवर येतो तेव्हा ऊन चांगलं वर असतं, आणि पुढचा सगळा सोहळा त्याला निवांत बघता येतो. साडेआठला बसलेला मात्र ऐन सूर्यास्ताला काट्याचमच्यात गुंतलेला. डिसेंबरच्या कॅरिबियनमध्ये दिवस लवकर संपतो, साडेपाच-सहाच्या सुमारास. तिथे अर्लीवाले कपडे बदलण्याच्या गडबडीत असतात आणि लेटवाले रेलिंगला टेकून फोटो काढतात. अलास्कात जूनमध्ये जुनोला सूर्यास्त दहाच्या आसपास, तेव्हा तिथे भांडणच नाही.

बंदर सोडतानाच्या देखाव्याचंही तेच. माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या आखातातून बाहेर पडायला जहाजाला तासाहून जास्त लागतो, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, काठावर चर्चचे मनोरे. संध्याकाळी पाच-साडेपाचला जहाज निघणार असेल आणि तुमची पंगत सहाची, तर अर्धी वाट तुम्ही मेन्यूकार्ड बघत काढणार. असे देखाव्याचे दिवस आठवड्यात एखाद-दुसरेच येतात. त्या दिवशी सरळ डायनिंग रूमला सुट्टी द्या आणि वरच्या बुफेतून ताट घेऊन डेकवर बसा. पण वेटरला आदल्या दिवशी सांगून ठेवा. सामायिक टेबल असेल तर तुमच्यासाठी बाकीच्यांचं जेवण खोळंबतं.

चूक तिसरी: मोबाइलच्या घड्याळावर विसंबणं

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एक असेलच असं नाही. कोझुमेल बेट मेक्सिकोच्या ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे 2015 पासून वर्षभर एकच वेळ चालते. उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं. जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली असेल, तर किनाऱ्यावर तुमच्या फोनमध्ये पाच वाजलेले असतात आणि जहाजावर सहा. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि उतरेपर्यंत त्याला हात लावू नका.

अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासात ही गंमत रोजची. 'क्वीन मेरी 2' हे जहाज न्यूयॉर्कहून इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला जातं तेव्हा पाच तासांचा फरक भरून काढायला पाच दिवस भर दुपारी घड्याळ एक तास पुढे सरकतं. बाराचा थेट एक! दुपारचं जेवण आटोपेपर्यंत दोन-अडीच वाजलेले असतात आणि सहाला पुन्हा टेबलावर हजर व्हायचं. या दिशेने जाताना साडेआठची पंगत पोटाला मानवते. परतीच्या दिशेने घड्याळ रात्री मागे जातं, तासभर झोप जास्त मिळते, आणि संध्याकाळी शरीर घड्याळाच्या पुढे धावत असतं. तिथे सहाची बरी.

विमानाने येऊन लगेच जहाजात बसणाऱ्यांनी हेच तत्त्व लावावं. लांबचा प्रवास करून पश्चिमेकडे आलात तर पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. साडेआठची पंगत घेतलीत तर सूप येईपर्यंत मान खाली. पूर्वेकडे आलात तर नेमकं उलटं.

चूक चौथी: शोचं वेळापत्रक न बघणं

जहाजावरचे मुख्य शो बहुतेक वेळा दोन्ही पंगतींचा विचार करून दोनदा होतात. सहाला जेवलेल्यांसाठी नऊच्या आसपासचा खेळ, साडेआठवाल्यांसाठी सात-सव्वासातचा. ऐकायला सोयीचं वाटतं, पण शो आधी की जेवण आधी यात फरक आहे. रिकाम्या पोटी शो बघणं काहींना जमत नाही. काहींना भरल्या पोटी अंधाऱ्या थिएटरात डुलकी लागते. आमच्याकडे हा दुसरा प्रकार. वडिलांनी एका आठवड्यात चार शो 'पाहिले' आणि एकाचंही नाव त्यांना सांगता येत नाही.

लहान मुलं, वडीलधारी आणि पोटाच्या तक्रारी

लहान मुलांसाठी पहिली पंगत, हा सल्ला सगळे देतात आणि बहुतेकदा तो बरोबरच असतो. पण एक पोटभेद आहे. मुलांना सहाला बुफेत खाऊ घालून किड्स क्लबमध्ये सोडायचं आणि आईवडिलांनी साडेआठला शांतपणे जेवायचं, असंही करता येतं. डिस्नीच्या जहाजांवर दुसऱ्या पंगतीला 'डाइन अँड प्ले' नावाची सोय आहे. मुलांचं जेवण लवकर आटोपतं आणि क्लबची माणसं त्यांना डायनिंग रूममधूनच घेऊन जातात. आमच्या धाकट्याने दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे वळून बघणंही बंद केलं.

ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र लेटचा मोह टाळावा. साडेआठला बसलेले लोक दहा-सव्वादहाला उठतात, आणि जेवण व आडवं होणं यात दोन-तीन तास जायला हवेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी जोडलेलं असेल, तर बुकिंगच्या आधी डॉक्टरांशी बोला.

खाण्याचं पथ्य, ॲलर्जी किंवा कडक शाकाहार असेल तर 'केव्हाही या'वाल्या पर्यायापेक्षा ठरलेली पंगत बरी, असं माझं ठाम मत आहे. रोज तोच वेटर असतो, तिसऱ्या दिवसापासून त्याला तुमचं सगळं पाठ असतं. हेड वेटर उद्याचा मेन्यू आदल्या रात्रीच दाखवतो, तुम्ही निवड सांगायची, स्वयंपाकघर त्याप्रमाणे तयारी करतं. रोज नव्या टेबलावर बसलात तर रोज नव्याने तीच कहाणी सांगा.

'केव्हाही या' म्हणजे रांग नाही, असं समजणं

लवचीक वेळ घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. सात ते साडेसातच्या सुमारास सगळ्यांनाच यावंसं वाटतं. मग हातात पेजर किंवा फोनवर निरोपाची वाट बघत उभं राहायचं. सहा-आठ जणांचं टेबल हवं असेल तर जास्तच. बऱ्याच जहाजांवर यातही ॲपमधून आगाऊ वेळ ठरवता येते, ती ठरवून टाका.

मित्रमंडळींबरोबर जात असाल आणि बुकिंग वेगवेगळी केली असतील, तर बुकिंग नंबर एकमेकांना जोडून घ्यायला विसरू नका. नुसती दोघांचीही 'अर्ली' असून भागत नाही. नंबर जोडलेले नसतील तर एक कुटुंब या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. आठवडाभर लांबूनच हात हलवत बसायचं.

चूक झालीच आहे, आता काय?

हवी ती पंगत भरलेली असेल तर वेटिंग लिस्टवर नाव ठेवा आणि निघायच्या आधी अधूनमधून विचारत राहा. लोक बुकिंग रद्द करतात, वेळा बदलतात. तरीही जमलं नाही तर पहिल्या दिवशी जहाजावर चढल्या चढल्या, म्हणजे दुपारीच, डायनिंग रूमच्या प्रमुखाला गाठा. त्यासाठी टेबल मांडून बसलेले असतात, कुठे आणि किती वाजता ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपवर मिळतं. आधी भरपेट बुफे आणि मग चौकशी, असा क्रम ठेवलात तर पुढे चाळीस माणसं असतील. नकार आला तर दुसऱ्या रात्री पुन्हा विचारा, कारण पहिल्या रात्री कोण आलंच नाही हे तोवर त्यांना कळलेलं असतं. वेळ जमत नसल्याचं कारण खरं आणि नेमकं सांगा. 'आजीला रात्री नऊच्या आत औषध घ्यायचं असतं' या वाक्याने कामं होतात.

शेजारी पटले नाहीत तर पहिल्या रात्रीनंतरच, त्यांच्यासमोर न बोलता, प्रमुखाकडे टेबल बदलून मागा. भिडेखातर चौथ्या दिवसापर्यंत थांबलात तर ते उठून जाणं मनाला लावून घेतलं जातं आणि उरलेल्या दिवसांत लिफ्टमध्ये नजर चुकवत फिरावं लागतं.

पहिल्या पंगतीत घाई होते अशी तक्रार असेल तर ऑर्डर देतानाच 'गोड शेवटी इथेच घेऊ की कॉफीबरोबर वर जाऊन' हे ठरवून टाका. वर गेलात तर मागे दुसरी पंगत ताटकळत असल्याचं ओझं राहत नाही.

लेटवाल्यांसाठी एक सूचना, शेवटच्या रात्रीची. मोठ्या बॅगा त्या रात्री ठरलेल्या वेळेआधी केबिनबाहेर ठेवायच्या असतात, बहुधा दहा-अकराच्या सुमारास, आणि तुम्ही टेबलावरून उठताच मुळी सव्वादहाला. त्यामुळे बांधाबांध जेवायच्या आधी करा. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवलेत ना, ते बॅगेला कुलूप लावायच्या आधी एकदा मोजून बघा. त्या पहिल्या क्रूझवर शेवटच्या सकाळी आमच्या शेजारच्या केबिनमधले गृहस्थ सूट, टाय आणि हॉटेलच्या पांढऱ्या सपाता अशा थाटात जहाजावरून उतरले होते.