प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी रेझ्युमे लिहिताना

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर या पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने आहेत. तिथे आठ-दहा वर्षं इंजिनिअर किंवा शिफ्ट इन्चार्ज म्हणून काम केलेला माणूस प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा रेझ्युमे बहुधा जुनाच असतो. वर फक्त एका कंपनीची भर पडलेली असते. ‘उत्पादनाचं नियोजन केलं, मनुष्यबळ सांभाळलं, ५एस (कामाची जागा नीटनेटकी आणि शिस्तीत ठेवण्याची पद्धत) राबवलं’ ही वाक्यं त्या जागेवरचा कुणीही लिहू शकतो. मॅनेजर निवडणाऱ्याला कळायला हवं असतं ते हे: तुमच्यावर किती सोपवलं होतं आणि तुमच्या काळात काय सुधारलं. (रेझ्युमे इंग्रजीतच जातो, खालची नमुन्याची वाक्यं समजण्यासाठी मराठीत आहेत.)

आधी आकडे जमवा

प्रत्येक पदासाठी एक वेगळा कागद घ्या. त्यावर हाताखालची माणसं, लाइन आणि मशिन, शिफ्ट, महिन्याचं उत्पादन, खर्चाचं बजेट आणि तुमच्या सहीने किती रुपयांपर्यंतची खरेदी होते, हे लिहून काढा. सहीचा अधिकार जवळजवळ कुणीच लिहीत नाही. खरं तर तुमच्या निर्णयावर कंपनी किती विसंबते, हे त्यातून सर्वांत स्पष्ट दिसतं.

माणसांचा आकडा एकत्र देऊ नका. ‘९० कामगार’ यापेक्षा ‘२५ कायम, ६५ कंत्राटी, ३ शिफ्ट, ४ सुपरवायझर थेट हाताखाली’ हे कितीतरी जास्त सांगतं. कंत्राटी मनुष्यबळ मोठं असलं की गैरहजेरी, सतत नव्या माणसांचं प्रशिक्षण आणि ठेकेदाराशी रोजचा व्यवहार आलाच. प्लांट हेडला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पदनामावरही विसंबू नका. एका कंपनीतला डेप्युटी मॅनेजर दुसरीकडच्या सिनिअर इंजिनिअरच्या बरोबरीचा असू शकतो. म्हणून पदाखाली लगेच ‘प्लांट हेडना थेट रिपोर्टिंग’ असं लिहा. एकाच कंपनीत बढत्या मिळाल्या असतील तर प्रत्येक पद तारखांसह वेगळं दाखवा, नाहीतर बढतीच झाकली जाते.

ओळ कशी बांधायची

आधी काय होतं, तुम्ही काय बदललं, शेवटी काय झालं आणि किती काळात, एवढं एका ओळीत यायला हवं. प्रेस शॉपचं, म्हणजे पत्रा डायमध्ये (साच्यात) दाबून भाग बनवणाऱ्या विभागाचं, उदाहरण घ्या. ‘ओईई ६६ वरून ७५ टक्क्यांवर नेली’ हे वाक्य मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळतं, कारण ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, मशिनच्या वापराची एकूण परिणामकारकता) म्हणजे उपलब्धता (ठरलेल्या वेळेपैकी मशिन किती चाललं), वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. वाढ नेमकी कशात झाली? त्याऐवजी असं लिहा: ‘डाय बदलण्याचा वेळ ४० वरून २८ मिनिटांवर आणला; उपलब्धता ७५ वरून ८५ टक्के, ओईई ६६ वरून ७५ टक्के; ८ महिन्यांत.’ शिफ्टमध्ये चार वेळा डाय बदलत असेल तर ४८ मिनिटं वाचतात, म्हणजे आठ तासांच्या शिफ्टमधल्या ४८० मिनिटांचे बरोबर १० टक्के. वेग ९० आणि गुणवत्ता ९८ टक्के धरली तर गुणाकारही जुळतो. असा ताळा प्रत्येक आकड्याचा करून बघा.

बचतीच्या आकड्यांत सर्वांत जास्त घसरगुंडी होते. महिन्याला १ लाख नग आणि रिजेक्शन २.४ वरून १.५ टक्क्यांवर, म्हणजे ९०० नग वाचले. नगाला १२० रुपयांचं मटेरियल धरून वर्षाची बचत १२.९६ लाख निघते. पण रिजेक्ट माल भंगारात जाऊन नगाला २० रुपये परत मिळत असतील, तर खरी बचत १०.८ लाख. फायनान्सचा माणूस समोर बसला असेल तर तो नेमकं हेच विचारतो, म्हणून छोटा आणि खरा आकडाच लिहा.

मात्र ग्राहकाची किंमत, पार्ट नंबर, कंपनीचं मार्जिन रेझ्युमेत कधीही देऊ नका. आजच्या मालकाची गुपितं उघड करणाऱ्यावर उद्याचा मालक विश्वास ठेवणार नाही. शंका असेल तिथे टक्केवारी वापरा.

अलीकडच्या पदाला सहा-सात ओळी, त्याआधीच्या पदाला तीन-चार, सुरुवातीच्या नोकऱ्यांना एकेक पुरे. एकूण दोन पानं. ग्राहकाचं ऑडिट तुम्ही स्वतः हाताळलं असेल किंवा आयएटीएफ १६९४९ च्या (वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या) तयारीत तुमच्याकडे ठरावीक भाग असेल, तर तो भाग नेमका सांगा. कंपनीला प्रमाणपत्र आहे एवढ्याने तुमचं काही सिद्ध होत नाही.

सुरुवातीचा परिच्छेद शेवटी लिहा

तीन-चार ओळी बस्स: एकूण अनुभव, कोणती प्रक्रिया (प्रेस शॉप, मशिनिंग, मोल्डिंग), सर्वांत मोठी जबाबदारी, एक ठळक निकाल. ‘मेहनती’, ‘टीम प्लेयर’ हे शब्द काढून टाका. जाहिरातीतली भाषा नीट वाचा. त्यांनी ‘मॅन्युफॅक्चरिंग’ म्हटलं असेल आणि तेच काम तुम्ही करत असाल, तर तोच शब्द ठेवा. संक्षेपाचं पूर्ण रूप एकदा तरी द्या, कारण एचआरचं सॉफ्टवेअर दोन्हींपैकी काहीही शोधू शकतं.

वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र यांची गरज नाही. दोन स्तंभ, तक्ते, कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या टाळा; सॉफ्टवेअर मजकूर वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला तर मांडणी बदला.

पाठवण्यापूर्वी नोकऱ्यांच्या तारखा पीएफच्या यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) खात्यातल्या नोंदींशी ताडून घ्या. पडताळणीत अनेक कंपन्या त्या नोंदी पाहतात. मध्ये काही महिन्यांची फट असेल तर ती तशीच दाखवून एका ओळीत कारण द्या. तारखा ताणून ती बुजवली, तर हाती आलेलं ऑफर लेटरसुद्धा रद्द होऊ शकतं.