वारशाने आलेला तिकीटसंग्रह विकताना या चुका टाळा

आयुष्यभर कुणीतरी जिव्हाळ्याने जमवलेली टपाल तिकिटे वारशाने ज्याच्या हाती येतात, त्याला बहुधा त्या छंदाची काडीचीही माहिती नसते. अल्बम, स्टॉकबुके (तिकिटे खोचून ठेवायच्या पट्ट्यांची पुस्तके) आणि पाकिटांनी भरलेले खोके समोर ठेवून तो एक तर लक्षाधीश झाल्याची स्वप्ने पाहतो, नाहीतर सगळा पसारा रद्दीच्या मोलाने काढून टाकायला निघतो. दोन्ही टोके सारखीच महागात पडतात. खरेदीदाराने फसवले अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण प्रत्यक्षात बरेचसे नुकसान खरेदीदार दारात येण्यापूर्वीच, वारसाने सद्भावनेने केलेल्या आवराआवरीत झालेले असते. म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आवराआवरीची घाई

तिकिटे विखुरलेली आणि जुनाट दिसतात म्हणून ती काढून, देशवार लावून, नव्या अल्बममध्ये घालण्याचा मोह टाळावा. संग्राहकाने लावलेला क्रम हीच पुष्कळदा संग्रहाविषयीची एकमेव लेखी माहिती असते. अल्बमचे एखादे पान नीट पाहिले, तर दिसायला हुबेहूब सारखी असलेली चार तिकिटे शेजारी शेजारी लावलेली आढळतील आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एखादा आकडा, एखादे अक्षर किंवा ‘उलटे जलचिन्ह’ (जलचिन्ह म्हणजे कागद उजेडात धरल्यावर त्यात दिसणारी खूण) असा शेरा असेल. अनोळखी माणसाला तो एकाच तिकिटाचा चार वेळा झालेला भरणा वाटतो. जाणकाराला मात्र त्यात छपाईच्या चार वेगळ्या आवृत्त्या, कडेच्या दात्यांची वेगळी संख्या किंवा वेगळा कागद दिसतो. ती चारही तिकिटे काढून ‘दुबार’ म्हणून एका पाकिटात टाकली, की संग्राहकाचे कित्येक संध्याकाळींचे काम पुसले जाते आणि ते पुन्हा करायचे तर जाणकाराला मेहनताना द्यावा लागतो.

याच कारणाने संग्रहासोबतचे कागद फेकू नयेत. खरेदीच्या पावत्या, जुन्या लिलावांच्या यादीपुस्तिका, तज्ज्ञांची प्रमाणपत्रे, हाताने लिहिलेल्या वह्या आणि दुसऱ्या संग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार यांतून कोणते तिकीट कुठून आणि काय समजून घेतले होते, याचा माग लागतो. एखाद्या तिकिटाला प्रमाणपत्र असेल आणि ते हरवले, तर तीच तपासणी शुल्क भरून नव्याने करून घ्यावी लागते.

दुसरी चूक लिफाफ्यांच्या बाबतीत होते. जुन्या पत्रांवरची तिकिटे कापून किंवा पाण्यात भिजवून सुटी करणे हा एकेकाळी मुलांचा उद्योग होता आणि अनेकांना आजही तीच रीत ठाऊक आहे. पण तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता, मार्गातले टप्पे दाखवणारे मागचे शिक्के आणि आकारलेला टपालदर हे सारे एकत्र असले, तरच ते पत्र टपालाच्या इतिहासाचा पुरावा ठरते. मॉरिशसच्या १८४७ मधल्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटांपैकी एक पेनी आणि दोन पेन्स अशी दोन्ही तिकिटे एकत्र असलेले, बोर्दोच्या मद्यव्यापाऱ्यांना गेलेले पत्र जगप्रसिद्ध आहे, ते याच एकत्रपणामुळे. घरातली पत्रे अर्थातच त्या तोडीची नसतात. तरीही लिफाफा आहे तसाच ठेवण्याला काहीही खर्च येत नाही आणि कापलेला लिफाफा पुन्हा जोडता येत नाही.

तिकिटे धुणे, मागच्या बाजूला चिकटलेले हिंजचे कागद (तिकीट पानाला लावण्याच्या डिंकाच्या छोट्या पट्ट्या) ओढून काढणे, डाग खोडरबराने पुसणे, सुटलेला कोपरा चिकटपट्टीने बसवणे हे सर्व प्रकार त्याच पंक्तीतले. न वापरलेल्या तिकिटाचा मागचा डिंक मूळ आणि अस्पर्श असेल तर त्याला अधिक भाव मिळतो. पाण्याचा एक स्पर्श तो भाव संपवतो. काही जुन्या तिकिटांची शाई तर मुद्दाम पाण्यात विरघळणारी वापरलेली असे, जेणेकरून शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. इंग्लंडची १८८० च्या दशकातली जांभळी आणि हिरवी तिकिटे त्याचे ठळक उदाहरण असून, भिजवताच त्यांचा रंग उतरतो. तिकीट हाताळायचेच असेल तर बोटांनी नव्हे, चपट्या टोकाच्या चिमट्याने हाताळावे.

दमटपणामुळे न वापरलेली तिकिटे एकमेकांना किंवा पानाला चिकटून गठ्ठा झाला असेल, तर तो सोडवू नये. त्या गठ्ठ्यावर वाफ धरण्याचे घरगुती सल्ले सर्वत्र मिळतात, पण त्यात डिंक वितळतो आणि कागदाचे पापुद्रे निघतात. कोरड्या जागी, उभ्या स्थितीत, वजन न ठेवता अल्बम ठेवावेत आणि चिकटलेला भाग तसाच दाखवावा. मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या कप्प्यांना तीव्र वास येत असेल किंवा ते चिकट झाले असतील, तर मात्र त्यातली तिकिटे, क्रम टिपून ठेवून, लवकर बाहेर काढणे योग्य, कारण तसले प्लॅस्टिक कागदाला आणि रंगाला बाधते.

जुने, म्हणून मौल्यवान?

जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, मे १८४० मध्ये वापरात आले. याहून जुने तिकीट असूच शकत नाही, तरीही ते दुर्मिळ नाही. त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या, आणि त्या काळी बहुधा पत्राचाच कागद घडी घालून त्यावर तिकीट लावत असल्याने, व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी जपलेल्या पत्रांसोबत ती मोठ्या संख्येने टिकून राहिली. चारही बाजूंना पुरेशी कड असलेली स्वच्छ प्रत आणि एका बाजूला नक्षीत कापली गेलेली प्रत यांच्या भावात मोठे अंतर असते. वयापेक्षा किती प्रती उरल्या, त्या कोणत्या अवस्थेत आहेत आणि त्या हव्या असणारे किती जण आहेत, या तीन गोष्टींवर भाव ठरतो.

वारसांच्या अपेक्षा बिघडवण्यात ब्रिटिश गियानाच्या १८५६ मधल्या एक सेंटच्या किरमिजी तिकिटाचा वाटा मोठा आहे. ते १८७३ मध्ये एका शाळकरी मुलाला काकांच्या कागदपत्रांत सापडले, त्याने ते ६ शिलिंगांना विकले, आणि २०२१ मध्ये तेच तिकीट लिलावात ८० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ही कथा खरी आहे. पण त्या तिकिटाची दुसरी निर्विवाद प्रत आजवर आढळलेली नाही, हा तिचा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

इंटरनेटवरच्या एखाद्या चित्राशी आपले तिकीट जुळवून आनंदित होणे ही त्यातूनच येणारी चूक. इंग्लंडचे १८६४ पासूनचे पेनी रेड घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या नक्षीत छपाईच्या प्लेटचा क्रमांक इतका बारीक कोरलेला असतो की भिंगाशिवाय तो वाचता येत नाही. बहुतेक क्रमांकांची तिकिटे विपुल आहेत. ७७ क्रमांकाची प्लेट मात्र सदोष म्हणून बाजूला ठेवली गेली. तिची चुकून बाहेर पडलेली तिकिटे बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात आहेत. परिणामी १७७ मधला पहिला आकडा शिक्क्याच्या शाईखाली झाकला गेला, की पाहणाऱ्याला ७७ दिसू लागतो, आणि तो आकडा खरवडून केलेल्या बनावट प्रतीही फिरत असतात. असे काही सापडल्यास ते जाहीर करण्याआधी मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीकडे पाठवावे. रॉयल फिलाटेलिक सोसायटी लंडन या संस्थेची अशी समिती आहे आणि अन्य देशांतही तशा संस्था आहेत. प्रमाणपत्राला शुल्क पडते, म्हणून जिथे ते शुल्क वसूल होण्याची वाजवी शक्यता जाणकाराने सांगितली असेल, तिथेच हा खटाटोप करावा.

यादीतली किंमत आणि हातात येणारी रक्कम

स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिखेल यांसारख्या यादीग्रंथांत प्रत्येक तिकिटासमोर किंमत छापलेली असते आणि वारस त्या साऱ्यांची बेरीज करतो. ही बेरीज करण्यात घालवलेला वेळ, माझ्या मते, संपूर्ण प्रकरणातला सर्वांत वाया गेलेला वेळ होय. ती किंमत निर्दोष प्रतीची, किरकोळ विक्रीची असते. दुमडलेल्या, दाते तुटलेल्या, मागून पातळ झालेल्या प्रतीला ती लागू नसते. शिवाय अगदी साध्या तिकिटासमोर जी किमान किंमत दिसते, ती तिकिटाची नसून ते शोधून, पाकिटात घालून देण्याच्या विक्रेत्याच्या कष्टांची असते. अशी हजार तिकिटे एकत्र केली तरी हजार किमान किमती मिळत नाहीत. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली, हे पाहण्यासाठी लिलावगृहांचे प्रसिद्ध झालेले निकाल पाहावेत. विकायला ठेवलेल्या मालावर मालकाने स्वतः टाकलेला आकडा पुरावा ठरत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले देखणे भरणे हा आणखी एक फसवा भाग. फुलपाखरे, अंतराळयाने आणि ऑलिंपिकची मोठाली रंगीत तिकिटे, ज्यांच्या एका कोपऱ्यात नेमका पाव वर्तुळ शिक्का असतो आणि मागचा डिंक मात्र शाबूत असतो, ती कधी टपालात गेलेलीच नसतात. संग्राहकांना स्वस्तात विकण्यासाठी ती छापखान्यातच रद्द केली जात. पूर्व युरोपातल्या अनेक देशांनी आणि अजमान, फुजैरा यांसारख्या आखाती अमिरातींनी अशा तिकिटांचा पूर आणला होता. वर्गणी भरून दरवर्षी मागवलेले फर्स्ट डे कव्हरचे (तिकीट निघाल्याच्या पहिल्या दिवसाचा शिक्का असलेल्या लिफाफ्यांचे) जाडजूड अल्बमही बहुधा मूळ खर्चाच्या अल्पांशाने जातात. न वापरलेली आधुनिक तिकिटे पत्रांना लावून संपवावीत असे वाटल्यास ती चालतात का, हे आधी तपासावे: जर्मनीत केवळ मार्क-फेनिगमध्ये किंमत छापलेली तिकिटे २००२ च्या मध्यापासून टपालासाठी बाद झाली आहेत.

खरेदीदाराशी बोलताना

पहिल्याच भेटीत विक्री करू नये. आधी सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी, प्रत्येक पान क्रमाने स्कॅन करावे किंवा फ्लॅशशिवाय छायाचित्रित करावे, आणि मगच संग्रह दाखवावा. मूल्यांकन करणाराच खरेदीदार असेल, तर त्याला आकडा कमी सांगण्यात रस असतो. मूल्याच्या टक्केवारीवर शुल्क घेणाऱ्याला तो फुगवण्यात. शक्य असेल तर ठरावीक शुल्क घेणाऱ्या आणि स्वतः खरेदी न करण्याचे मान्य करणाऱ्या जाणकाराकडून पाहणी करून घ्यावी. संग्रह साधा असल्यास एवढा खर्च परवडणार नाही. तेव्हा तिकीटसंग्राहकांच्या एखाद्या मंडळातल्या अनुभवी सदस्याची पहिली नजरसुद्धा पुरते.

खरेदीदार अल्बम चाळता चाळता ‘बाकीचे राहू द्या, एवढी दहा पाने घेतो’ म्हणाला, तर ती दहा पाने संग्रहाचा गाभा आहेत, असे समजावे. ती गेल्यानंतर उरलेल्या ढिगाला गिऱ्हाईक मिळत नाही. एक तर सर्व एकत्र द्यावे, किंवा त्या दहा पानांसाठी इतरांकडून स्वतंत्र भाव घ्यावेत.

लिलावगृहाकडे देताना करारात विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन, विमा, छायाचित्रण आणि न विकल्यास आकारले जाणारे शुल्क, राखीव किंमत (जिच्याखाली विकायचे नाही ती) कोण ठरवणार, मोठा संग्रह किती लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गटांत, विभागणार आणि रक्कम किती दिवसांनी मिळणार, हे सारे लिहून घ्यावे. लिलावाला काही महिने लागणे हे स्वाभाविक आहे. पैशांची निकड असेल तर तिकिटांच्या व्यापाऱ्याला थेट विकणे बरे, मात्र त्यात भाव कमी मिळेल हे गृहीत धरावे.

दोन खरेदीदारांच्या भावात तिप्पट अंतर पडले, तर अधिक देणाऱ्याकडे लगेच धावू नये. कमी देणाऱ्याला कारण विचारावे. एकाने काही तिकिटे बनावट किंवा दुरुस्त केलेली मानली असतील आणि दुसऱ्याने ती पाहिलीच नसतील, तर जास्तीचा भाव पुढे परताव्याच्या मागणीत बदलू शकतो. स्वतः ऑनलाइन विकणाऱ्यानेही हेच ध्यानात ठेवावे: पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची चित्रे द्यावीत, दोष शब्दांत लिहावेत आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द वापरू नये, कारण वर्णनाशी न जुळणारा माल परत येतो.

लॉट विकला गेला नाही, तर राखीव किंमत उतरवून एकदा पुन्हा लावावा आणि त्यानंतर मात्र थांबावे. ज्याला कुठेच भाव येत नाही, असा साधा भरणा तिकिटे गोळा करून निधी उभारणाऱ्या धर्मादाय संस्थांना किंवा छंद नव्याने सुरू करणाऱ्या मुलांना देता येतो. पाकिटे आणि स्टॉकबुके त्यांच्यासोबत द्यावीत, कारण नवशिक्याला तिकिटांइतकीच त्यांचीही गरज असते.