दादरच्या धांड्यांचे ठोकळे

पहिली-दुसरीच्या वर्गात ठोकळे एकच डबा आणि पोरं तीस, म्हणजे भांडणं ठरलेली. आमच्याकडे खान्देशात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली की कडबा हाताशी असतो. त्यातल्या धांड्यांचेच, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचेच, ठोकळे करा.

१. अंगठ्याएवढी जाड, खडखडीत वाळलेली धांडी निवडा. बुरशी लागलेली नकोत.
२. पेरं टाळून मधली कांडी कापा, वीतभर आणि अर्धी वीत अशा दोन मापांत.
३. साल सोलून टाका. आतला पांढरा गाभा हलका असतो, त्यात काडी सहज टोचते.
४. जोडायला खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे. डिंक, दोरा काही लागत नाही.

ढीग मधोमध ठेवा आणि "घर करा", "पूल करा" असं सांगू नका. सांगितलं की तीस घरं होतात, तीही सारखीच! (मी हे केलंय.) फक्त विचारा, "हे काय चाललंय?"

एकीने बैलगाडी केली, चाकं फिरेनात. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गप्प बसलो. तिने काडी भोकात गरागरा फिरवून भोक सैल केलं आणि गाडी पार फळ्यापर्यंत नेली.

अर्धवट राहिलेलं मोडायला लावू नका. पाटीवर नाव लिहून तिच्यावरच ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

एक जपा: धांड्याची साल ब्लेडसारखी कापते. कापणं-सोलणं आदल्या दिवशी आपणच उरकायचं आणि साली वर्गात आणायच्याच नाहीत.